अमेरिकेतल्या कॉलेजात सोरॉरिटीत जायचंय? आधी सतरंज्या कोण उचलतं ते बघ

दर वर्षी जून-जुलैत मला दोन प्रकारचे मेसेज येतात. बारावी होऊन अमेरिकेत डिग्री करायला निघालेली मुलगी विचारते, "ताई, सोरॉरिटी सिनेमात दाखवतात तसली असते का?" आणि तिची आई विचारते, "हे रॅगिंग तर नाही ना?" दोघींना वेगवेगळं उत्तर देऊन मी दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी सांगलीची. अठराव्या वर्षी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात गेले, दुसऱ्या वर्षी एका साउथ एशियन सोरॉरिटीत शिरले. पुढे एक वर्ष खजिनदार होते, एक वर्ष अध्यक्ष. आता न्यू जर्सीत नोकरी करते आणि जवळच्या एका चॅप्टरची, म्हणजे सोरॉरिटीच्या एका कॉलेजातल्या शाखेची, सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे पोरींनी रात्री साडेअकराला फोन करायचा माणूस. तू माझ्यापेक्षा लहानच असणार, तेव्हा अगं-तुगं करते.

सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची सभासद-संघटना. ग्रीक अक्षरांचं नाव, वर्गणी, निवडून आलेली कमिटी, एक गुप्त विधी, आणि सभासदत्व जन्मभराचं. महिला मंडळ, भिशी आणि होस्टेल एकत्र केलं आणि वर थोडी मुंज घातली की झालं. 'सोरॉरिटी' हा शब्द १८८२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी गॅमा फाय बीटासाठी सुचवला. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. तोवर बायकांच्या बऱ्याच संघटनाही स्वतःला फ्रॅटर्निटीच, म्हणजे बंधुमंडळच, म्हणवत. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्यांना अशी कुठली संघटना नव्हती, पण रोझेलच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. परक्या देशात आधी नातं जोडायचं आणि मग अभ्यासाला बसायचं, ही आपली रीत तेव्हापासूनची आहे.

१. आधी घराणी ओळख

सगळ्या सोरॉरिटी एकसारख्या नसतात. चार घराणी लक्षात ठेव.

पहिलं, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. स्थापना १९०२, सभासद संघटना २६. मोठाली घरं, दारावर तीन अक्षरं आणि ऑगस्टमध्ये रांगेत टाळ्या वाजवत गाणाऱ्या मुली तू रील्समध्ये पाहिल्या असशील, त्या यातल्या. यांतल्या सर्वांत जुन्या संघटनेचं मूळ जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजात, १८५१ सालात आहे.

दुसरं, नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल. नावात एका आडव्या रेघेचा आणि शेवटच्या शब्दाचा फरक, पण जग वेगळं. हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभं केलेलं घराणं, १९३० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेलं. यात मुलांच्या पाच आणि मुलींच्या चार अशा नऊ संघटना आहेत, म्हणून 'डिव्हाइन नाइन'. मुलींच्या चारांतली अल्फा काप्पा अल्फा सर्वांत जुनी, १९०८ची. कमला हॅरिस हॉवर्डला असताना, १९८६ साली, तिच्यात गेल्या. डेल्टा सिग्मा थीटा १९१३ च्या जानेवारीत स्थापन झाली आणि मार्चमध्ये तिच्या मुली वॉशिंग्टनला मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. या मंडळींना चहापार्ट्या करणाऱ्या पोरी समजू नकोस.

तिसरं आपल्या जवळचं, साउथ एशियन सोरॉरिटींचं. यातल्या तीन १९९८ या एकाच वर्षी निघाल्या: ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो. पुढच्या वर्षी टेक्सास ए अँड एममध्ये डेल्टा काप्पा डेल्टा निघाली. यांची घरं बहुधा नसतात, चॅप्टर लहान असतात आणि दर मुलीमागे काम जास्त असतं.

चौथ्या घराण्याला मी सोरॉरिटी म्हणत नाही, पण गोंधळ तिथेच होतो. अभ्यासावर निवड करणाऱ्या ऑनर सोसायट्या आणि एकेका विषयाच्या व्यावसायिक संघटना. यांनाही ग्रीक अक्षरं असतात. १७७६ची फाय बीटा काप्पा ही खरी मानाची गोष्ट. पण 'तुमची निवड झाली आहे, ऐंशी डॉलर भरा' अशी ईमेल आली, तर आधी ती संघटना तुझ्या कॉलेजच्या यादीत आहे का ते बघ. माझ्या रूममेटने न बघता पैसे भरले. एक सर्टिफिकेट आलं, त्यावर तिच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं होतं.

उच्चारांचं इथेच सांगून ठेवते. आपण शाळेत 'बीटा-थीटा' म्हणतो, अमेरिकेत ते 'बेटा-थेटा'च्या जवळ जातं, 'फी'चं होतं फाय, 'साय' तसंच राहतं आणि इंग्रजीत सी-एच-आय लिहितात त्याचा उच्चार चक्क 'काय'. माझी एक मैत्रीण काय ओमेगात गेली. तिने ही बातमी साताऱ्याला आजीला फोनवर सांगितली.

"कुठल्या संस्थेत गेलीस म्हणालीस?"
"काय ओमेगा, आजी."
"अगं तेच विचारतेय, काय?"

पाच मिनिटं हे चाललं होतं.

२. तुझ्या कॉलेजात काय आहे ते शोध

प्रत्येक कॉलेजात सोरॉरिटी नसते, आणि काही कॉलेजं त्यांना मान्यताच देत नाहीत. विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'फ्रॅटर्निटी अँड सोरॉरिटी लाइफ' नावाचं ऑफिस शोध. तिथे पुढच्या गोष्टी तपास:

मान्यता असलेल्या संघटनांची यादी. यादीत नसलेल्या गटापासून लांब राहा, मग तिथे कितीही देशी मुली असोत.

पहिल्या सेमिस्टरला जाता येतं की नाही. काही विद्यापीठं वसंतातल्या दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबवतात. मला विचारशील तर थांबवलं नाही तरी थांब. पहिल्या सेमिस्टरला लाँड्रीचं यंत्र, प्राध्यापकांचे उच्चार आणि घरची आठवण एवढं पुरेसं असतं.

जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची, अट.

आणि शिस्तभंगाचा अहवाल. हा कुणी वाचत नाही, तू वाच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत 'स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट' हा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार कोणत्या संघटनेवर हेझिंगबद्दल कारवाई झाली, हे कॉलेजांना उघड प्रसिद्ध करावं लागतं. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंग. महाराष्ट्रात त्याच्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, अमेरिकेत बरीच वर्षं हे ज्या त्या राज्यावर सोडलेलं होतं.

मास्टर्सला येणाऱ्या मुली इथे विचारतातच. पहिल्या आणि तिसऱ्या घराण्याचं दार बहुतेक ठिकाणी फक्त डिग्रीच्या मुलींना उघडं असतं. दुसऱ्या घराण्यात पदवीधरांचे वेगळे चॅप्टर असतात, पण तिथे त्या संघटनेचं काम आधीपासून माहीत असलेली, समाजात वावरलेली बाई अपेक्षित असते. मास्टर्सला असशील तर विद्यापीठाचं इंडियन स्टुडंट असोसिएशन किंवा गावातलं महाराष्ट्र मंडळ गाठ. तिथेही गणपतीला हात कमीच पडतात.

३. पैशांचं आधी, भावनांचं नंतर

आकड्यांची चौकशी लाजून टाळू नकोस. घर नसलेल्या लहान सोरॉरिटीची वर्गणी दर सेमिस्टरला काही शे डॉलर असते. मोठ्या घराच्या सोरॉरिटीत जेवण-राहणं धरून तोच आकडा हजारांत जातो. आणि वर्गणी हा फक्त वरचा थर आहे. विचारायचं ते असं:

पहिल्या सेमिस्टरचा एकूण खर्च किती? यात प्रवेश फी, बॅज आणि राष्ट्रीय कार्यालयाची फी धरली आहे का?
जेवणाचे पैसे सक्तीचे आहेत का? डॉर्मचा, म्हणजे कॉलेजच्या होस्टेलचा, मील प्लॅन आधीच घेतला असेल तर एकाच पोटाचे दोनदा पैसे जातील.
घरात राहण्याची सक्ती आहे का, कितव्या वर्षी?
टीशर्ट, फॉर्मल (नटूनथटून जायची पार्टी), बिग-लिटलच्या (मोठी बहीण-धाकटी बहीण अशा जोडीच्या) भेटवस्तू यांना साधारण किती लागतात? याचं उत्तर कुणी लिहून देणार नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कॉफी पाजलीस तर खरं सांगेल.
गैरहजेरीचा दंड किती? हो, दंड असतो.
हप्ते आहेत का?

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असशील तर कॉलेज चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. त्यातून किती सुटतात ते मांड आणि मगच पुढे जा. वडिलांना 'प्रोजेक्टची फी' सांगून पैसे मागवणारी मुलगी मी पाहिली आहे. फेब्रुवारीत तिचं बिंग फुटलं, मार्चमध्ये सोरॉरिटी सुटली.

४. कागदपत्रं

स्टुडंट आयडी आणि विद्यापीठाचा ईमेल. नोंदणी त्यावरूनच होते.
ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका. पहिल्या सेमिस्टरला जात असशील तर बारावीची मार्कशीट लागेल आणि इथे एक खड्डा आहे. आपले ८४ टक्के त्यांना 'बी' वाटतात. तुझे मार्क अमेरिकन पद्धतीत काय होतात हे ॲडमिशन ऑफिसने ठरवलेलं असतं. त्यांच्याकडून तसं लेखी घे आणि मार्कशीटसोबत जोड.
एका पानाचा रेझ्युमे. एनसीसी, गणपती मंडळ, आजोबांच्या दुकानात बसणं, सगळं लिही.
हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड आणि तातडीच्या संपर्काचं नाव. संपर्क अमेरिकेतलाच हवा. रात्री दोन वाजता इचलकरंजीला फोन लावून काय होणार?
एक साधा, हसरा फोटो.

पासपोर्टची किंवा आय-ट्वेंटीची (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदाची) कॉपी कुणी मागितली तर देऊ नकोस. सोरॉरिटीला तिची काही गरज नसते.

५. रशचे दिवस

निवडीच्या या काळाला आता अधिकृत शब्द 'रिक्रूटमेंट', पण बोलताना सगळ्या 'रश'च म्हणतात.

मोठ्या पॅनहेलेनिक रिक्रूटमेंटमध्ये नोंदणी केलीस की ठरलेल्या दिवशी एकेका घरासमोर उभं राहायचं. दार उघडतं, आत गाणं चालू असतं, एक मुलगी तुझा ताबा घेते. दहा मिनिटांनी दुसरी येते, मग तिसरी. दर फेरीनंतर त्या तुला गुण देतात आणि तूही त्यांना क्रम देतेस. फेऱ्या साधारण अशा: ओळख, समाजकार्य, भगिनीभाव आणि शेवटची प्रेफरन्स. शेवटच्या फेरीत दिवे मंद करतात, मेणबत्त्या लावतात आणि कुणीतरी रडतं. भारावून जाशील. चालेल, पण क्रम दुसऱ्या दिवशी चहा पिऊन लावता येत नाही. फेरी संपल्या संपल्या लावायचा असतो, म्हणून आत जायच्या आधीच मनाशी ठरवून ठेव.

मग बिड येतं, म्हणजे निमंत्रणाचं पाकीट. त्याआधी एका करारावर सही घेतात आणि सगळ्यात मोठा खड्डा तोच. त्यात तू लिहिलेल्या नावांपैकी एकीचं बिड आलं आणि तू नाकारलंस, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरॉरिटीत जाता येत नाही. तेव्हा जिथे खरंच जाणार नाहीस, तिचं नाव भरीला लिहू नकोस. उलट 'हीच नाहीतर कुठलीच नाही' म्हणून एकच नाव लिहिलंस तर रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेव. एकदा दीक्षा झाली, म्हणजे तो गुप्त विधी होऊन पक्की सभासद झालीस, की मग या घराण्यातल्या दुसऱ्या सोरॉरिटीचं दार जन्मभर बंद. 'तुला आम्ही घेणारच' असं कुणी आधी सांगत असेल तर ती नियम मोडतेय आणि बहुधा तुझ्यासारख्या दहा जणींना तेच सांगतेय.

रंगाचा प्रश्न कुणी मोकळेपणाने विचारत नाही, म्हणून मीच काढते. २०१३ साली अलाबामा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने तिथल्या गोऱ्या सोरॉरिटी कृष्णवर्णीय मुलींना कशा डावलतात ते छापलं, तेव्हा कुठे तिथे दारं किलकिली झाली. आता बऱ्याच ठिकाणी चित्र बदललंय. तरीही भिंतीवरचे फोटो बघ. गेल्या दहा वर्षांच्या फोटोंत तुझ्यासारखी एकही नसेल तर ते कळायला वेगळा अहवाल नको.

साउथ एशियन सोरॉरिटीत सगळं लहान आणि घरगुती असतं. आधी इन्फो-सेशन, म्हणजे माहिती सांगायची सभा, मग आठवडाभर रोज संध्याकाळी एखादा कार्यक्रम, अर्ज, मुलाखत. मुलाखतीला 'तुला बहिणी का हव्यात?' असं विचारतील. 'मला सख्खी बहीण नाही' हे उत्तर आधीच्या नऊ जणींनी दिलेलं असतं.

आता माझं कसं ठरलं ते सांगते.

मी दोन ठिकाणच्या इन्फो-सेशनला गेले. पहिल्या ठिकाणी सगळं चकचकीत होतं: फुगे, फोटोसाठी पडदा, सगळ्यांच्या सारख्या साड्या. दुसऱ्या ठिकाणी स्टुडंट सेंटरची एक कोंदट खोली, सामोशांचे दोन ट्रे आणि चालूच न झालेला प्रोजेक्टर. अध्यक्षबाईंनी पंधरा स्लाइड तोंडी सांगितल्या. कार्यक्रम संपल्यावर मी छत्री विसरले म्हणून परत गेले. पहिल्या ठिकाणी दोन नव्या मुली खुर्च्या रचत होत्या आणि बाकीच्या बाहेर फोटो काढत होत्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी मी मुद्दाम विसरले. तिथे अध्यक्षबाई उंच टाचांचे बूट बाजूला काढून, अनवाणी, गुडघ्यावर बसून टिश्यूने कार्पेटवरची चिंचेची चटणी पुसत होत्या. खजिनदार उरलेले सामोसे फॉइलमध्ये गुंडाळून रखवालदाराला देत होती. मला बघून अध्यक्ष म्हणाली, "आलीयेस तर ते टेबल धर जरा."

धरलं.

आपल्याकडे पक्षात आयुष्यभर सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याची थट्टा करतात. सोरॉरिटी निवडताना तोच निकष लाव. नेत्या सतरंज्या उचलतात की नवख्यांकडून उचलून घेतात, एवढं बघ. बाकी लोगो, रंग, रील्स सगळं नंतर.

शाकाहाराचं काय, हेही विचारतात. आधी सांगून ठेव, आणि 'चिकनचे तुकडे काढून देते' म्हणणाऱ्या मुलीवर रागावू नकोस. मनाने चांगली असते बिचारी.

६. नव्या मुलीचे आठवडे, आणि रेषा कुठे ओढायची

बिड घेतल्यावर लगेच पूर्ण सभासद होत नाहीस. काही आठवडे शिकायचं असतं: संघटनेचा इतिहास, संस्थापिकांची नावं, नियम, ग्रीक वर्णमाला. एक मोठी बहीण मिळते, ती बिग, तू लिटल. साउथ एशियन सोरॉरिटीत तुझ्यासोबतच्या मुलींची एक 'लाइन' असते, तुला क्रमांक असतो आणि शेवटी सगळ्यांसमोर नव्या मुलींचं सादरीकरण होतं. आमची लाइन पाच जणींची, मी तीन नंबर. आजही फोनवर आमच्यातली एक 'तीन नंबर, जागी आहेस का?' असंच सुरू करते.

दीक्षेचा विधी गुप्त असतो. आईबाबांनो, 'गुप्त' शब्दाने घाबरू नका. मुंजीत बटूच्या कानात सांगतात ते तरी कुठे माइकवरून सांगतात?

पण गुप्त विधी वेगळा आणि लपवलेला छळ वेगळा. पुढचं काहीही झालं तर ते हेझिंगच आहे, त्याला परंपरा म्हटलं तरी: दारू पाजणं, झोपू न देणं, उपाशी ठेवणं, शिव्या, उठाबशा, मोठ्या मुलींची कपडे-भांडी, फोन काढून घेणं, 'हे कुणाला सांगायचं नाही' अशी ताकीद. 'माझी हरकत नव्हती' म्हणून ते क्षम्य होत नाही. एक सोपी कसोटी सांगते. चॅप्टरची सल्लागार आणि तुझी आई त्या खोलीत उभ्या असत्या तर हे झालं असतं का?

आमच्या कॅम्पसवरच्या दुसऱ्या एका संघटनेतली ओळखीची मुलगी आठवडाभर तीन-तीन तास झोपून क्लासला येत होती. विचारलं तर हसून म्हणायची, "बाँडिंग चाललंय." मी गप्प बसले. महिन्याने तिने सेमिस्टर सोडलं. तेव्हा मी विद्यापीठाला नाव न देताही कळवू शकले असते, तशी सोय होती आणि आजही बहुतेक कॉलेजांत आहे. तू माझ्यासारखी गप्प बसू नकोस.

सोडायचं असेल तर दीक्षेच्या आधी सोडणं सोपं. एक ईमेल पुरतो. भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत, तेवढं धरून चाल.

७. पद घे, पण कागद वाचून

नेतृत्वाबद्दल रेझ्युमेवर सगळ्या एकच ओळ लिहितात. प्रत्यक्षात नेतृत्व म्हणजे रविवारी संध्याकाळी सहाला चालणारी सभा. अमेरिकेत सभा चालवायचे ठरलेले नियम आहेत, 'रॉबर्ट्स रूल्स' म्हणतात त्यांना. कुणीतरी ठराव मांडायचा, दुसरीने अनुमोदन द्यायचं, चर्चा, मग मतदान. पहिल्या सभेत मला हसू येत होतं, चौदा पोरी आणि 'मॅडम प्रेसिडेंट'! पण आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठव. तिथे पार्किंगवरून सुरू झालेलं भांडण तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यापर्यंत जातं. या नियमांनी एका वेळी एकच विषय चालतो. आज ऑफिसात मीटिंग भरकटली की मी तेच करते.

पहिलं पद खजिनदाराचं घे. कोणाला नको असतं म्हणून लगेच मिळतं, आणि माणसं ओळखायला याहून चांगली खुर्ची नाही. आमच्यातल्या एकीने तीन महिने वर्गणी भरली नव्हती. नियमाप्रमाणे तिला निलंबनाचं पत्र पाठवायचं होतं. पत्र लिहून झालं, पण पाठवायच्या आधी मी तिच्या डॉर्मवर गेले. लायब्ररीतले तिचे कामाचे तास कापले होते आणि ती रात्रीचं जेवण म्हणून सीरियल खात होती. आम्ही दरमहा पंचवीस डॉलरचा हप्ता ठरवला, सभेत नाव न घेता ठराव पास केला. मे महिन्यात तिने शेवटचा हप्ता सुट्या नोटांत आणून दिला आणि पावती मागितली. पावती मागितली, याचं मला फार बरं वाटलं.

आता माझा गाढवपणा. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी कॅम्पसबाहेरचा हॉल घेतला आणि करारावर मी नुसती माझी सही केली. चॅप्टरचं नाव नाही, पद नाही. रांगोळीचा रंग कार्पेटमध्ये मुरला, डिपॉझिट गेलं, वर सफाईचं तीनशे डॉलरचं बिल आलं, तेही माझ्या नावाने. चॅप्टरने पैसे दिले, पण चार महिन्यांनी. तोवर मी सीरियल खात होते. तेव्हा:

करार संघटनेच्या नावाने कर आणि सहीखाली पद लिही. आधी सल्लागाराला दाखव.
चॅप्टरचे पैसे तुझ्या खात्यातून कधीही फिरवू नकोस, एक दिवससुद्धा.
बँकेच्या खात्यावर दोन सह्या ठेव.
पदाच्या बदल्यात घरात फुकट राहणं-जेवण मिळत असेल आणि तू एफ-वनवर असशील, तर ते कामाचा मोबदला धरलं जाऊ शकतं. हो म्हणायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचार.
आणि पद सोडताना पुढचीला वही दे. पासवर्ड, फोन नंबर, कोणता केटरर उशिरा येतो, सगळं. मला मिळालेल्या वहीत एवढंच होतं: "ऑल द बेस्ट!"

८. डिग्रीनंतर

'जन्मभराचं सभासदत्व' हे कागदावर आपोआप होतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणी दोन वर्षांत विरघळतात. अल्युम्नी, म्हणजे डिग्री झालेल्या सभासदांचे, चॅप्टर असतात, त्यांची वर्गणी असते, नव्या शहरात गेल्यावर त्यांचा उपयोगही होतो. मला न्यू जर्सीत पहिली खोली तशीच मिळाली.

माझे बाबा गेले तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते, मे महिना होता. फोन आला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मला पुढचं फारसं आठवत नाही. एक नंबरने तिकीट काढलं, कुणाच्या कार्डावर ते मला महिनाभराने कळलं. दोन नंबरने प्राध्यापकांना ईमेल पाठवले. चार नंबरने बॅग भरली. तिला सांगली कधी माहीत नव्हती, तिने मेमध्ये दोन स्वेटर भरले होते. पाच नंबर गाडी चालवत होती, ह्यूस्टन विमानतळापर्यंत साडेतीन तास, आणि ती एक शब्दही बोलली नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरताना माझ्या हातात तिने फॉइलची पुरचुंडी दिली. आत दोन पराठे होते, एक करपलेला.

तेरावं झाल्यावर परत आले, तर कॉरिडॉरमध्ये चौघी बसल्या होत्या. खोली झाडलेली होती.

पुढे टिकवायचं तर काहीतरी कारण लागतं. नुसत्या 'मिस यू'वर काही टिकत नाही. आम्ही पाच जणींनी डिग्रीनंतर भिशी सुरू केली. कल्पना माझी, सांगलीहून आणलेली. दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर डॉलर, पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉल, चिठ्ठी काढायची. गुजराती, तेलुगू, पंजाबी, एक बांगलादेशी आणि मी, पण सगळ्या 'बी-शी' म्हणतात. हिशोब अजून माझ्याकडेच आहे. या महिन्याचे पाच नंबरचे शंभर यायचेत. दोनदा आठवण केली, आज फोनच करते.